आईच्या चटणीचं नाव मी बदललं

मलप्रभेकाठची

गोष्ट लहान आहे, पण पंधरा दिवस मनातून जात नाही, म्हणून धागा काढते.

माझं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना लागतं. नोकरी बेंगळूरला, अकरा वर्षं झाली. यंदा शिमग्याला जाऊन परत निघाले तेव्हा आईने तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाचं कोरडं आणि काचेच्या लहान बाटलीत हुमल्यांची चटणी बांधून दिली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवायच्या खोलीत डबा उघडला. बोंबलाच्या वासाने दोघं उठून पलीकडच्या टेबलावर गेली. त्याची मला सवय आहे. पण शेजारच्या मुलीने बाटलीकडे बोट करून विचारलं, ही कसली चटणी? मी म्हटलं, कारळ्याची. दिसायला तशीच काळसर, भरड, लसणाच्या वासाची. तिने मान हलवली, विषय संपला.

ज्यांना हुमले माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आंबा, फणस, काजूवर राहणारे हे तांबडे मुंगळे. पानाला पान जोडून चेंडूएवढं घर करतात. जोडायचा धागा त्यांच्या अळ्यांच्या तोंडातून येतो. मोठा हुमला अळीला जबड्यात धरतो आणि दोन पानांच्या कडांवरून इकडून तिकडे फिरवतो, शिवणाऱ्या बाईने दोरा फिरवावा तसा. लहानपणी मी आंब्याखाली बसून हे तासन् तास बघितलंय.

आई पहाटे जाते. दव असताना ते थंड असतात, पटकन पसरत नाहीत. हाताला राख चोळायची, आकडीने फांदी खाली ओढायची आणि घर अख्खं तोडून पाण्याच्या घागरीत टाकायचं. मग सुपात घेऊन पानं, काड्या वेगळ्या करायच्या. कोरड्या तव्यावर टाकले की जो वाफारा येतो तो लिंबासारखा नाकात झोंबतो. त्यांच्या अंगातलं फॉर्मिक आम्ल ते. म्हणून या चटणीत चिंच, आमसूल काही घालावं लागत नाही. लसूण, सुकी मिरची, थोडं खोबरं, मीठ घेऊन पाट्यावर वाटायचं. ताप येऊन तोंडाची चव गेली की आजी नखाएवढी चटणी जिभेवर ठेवायची.

मी निघाले त्या सकाळी आईच्या हातावर कोपरापर्यंत लाल चावे उठले होते. ते बघून मी बसमध्ये बसले होते. आणि चौथ्या घासाला म्हटलं, कारळ्याची.

बेळगावहून कुंदा नेला की सगळं ऑफिस हात पुढे करतं. गोकाकचा करदंट नेला तरी तसंच. ते मी मिरवत नेते. मला विचारायचंय ते हे: आपल्या सीमाभागातलं असं काय आहे, जे तुम्ही घरी आवडीने खाता आणि बाहेर त्याचं नाव घेत नाही? आणि उलटही सांगा. दुसऱ्याचं कोणतं खाणं बघून तुम्ही तोंड फिरवलंत?

निपाणी_नाका

अक्का, रक्ती.

आमच्याकडे जत्रेला बकरं पडलं की रक्त परातीत धरतात, वर मीठ टाकतात. ते थिजून खरवसासारखं होतं. उकळत्या पाण्यात सोडून त्याच्या वड्या पाडायच्या आणि बारीक चिरलेला भरपूर कांदा, सुकं खोबरं, मिरची घालून परतायचं. मटणाच्या आधी पहिलं ताट ते. वजडी, मुंडी, पाय सगळं नंतर. माझी आजी रक्ती कुस्करताना म्हणायची, जनावर घेतलं तर त्यातलं काही टाकायचं न्हाई.

पुण्यात शिकायला होतो तेव्हा खोलीतल्या एकाला हे सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी खोली बदलून मागितली. तो रोज चिकन खायचा. मी नंतर चार वर्षं कोणाला काही बोललो नाही.

पुढे कामानिमित्त जर्मनीत राहिलो. तिथे खाटकाच्या दुकानात काचेमागे गडद तपकिरी सॉसेज रांगेने मांडलेलं होतं, ब्लुटवुर्स्ट. रक्ताचंच. इंग्लंडात तेच ब्लॅक पुडिंग म्हणून सकाळच्या न्याहारीला अंड्याशेजारी येतं, ओट घातलेलं. स्पेनमध्ये मोर्सिया, काही ठिकाणी त्यात भात भरतात. पहिला तुकडा तोंडात टाकला आणि ओळखीची लोखंडासारखी चव आली. कांदाही तोच. तिथे उभा राहून मला आजीची आठवण आली आणि त्या खोलीतल्या मुलाचीही.

अथणीची_लेक

मी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची. तुमच्याकडे पाऊस कोसळतो, आमच्याकडे ढगाकडे बघत बसतात. त्यामुळे हुमले मी आज पहिल्यांदा वाचले. एकाच जिल्ह्यात राहून!

माझं उत्तर ऐकून तुम्हाला वाटेल यात लपवण्यासारखं काय. कच्चा पाला. आमच्या ताटात ज्वारीच्या भाकरीबरोबर मेथीच्या काड्या, मुळ्याचा कोवळा पाला, कांद्याची पात आणि शेतात उगवणारी पाथरी असते. पाथरीला आमची अव्वा कन्नडातून हक्करकी म्हणते. काही शिजवायचं नाही. धुऊन ताटात ठेवायचं, शेंगाचटणी आणि घट्ट दही वाढायचं, भाकरीच्या तुकड्यात पाला धरून खायचं. मेथी चिरून शेंगतेल, तिखट, मीठ घालून पचडी केली तर पाहुण्यांसाठी केली असं समजायचं.

लग्न होऊन रत्नागिरी जिल्ह्यात गेले. पहिल्याच आठवड्यात परसातली मेथी खुडून ताटात घेतली. सासरचं एक माणूस हसत म्हणालं, आमच्याकडे हे गुरांना घालतात. बाकीचेही हसले. त्यात वाईट हेतू नव्हता हे मला आज कळतं. पण मी त्यानंतर सहा वर्षं कच्ची मेथी सगळ्यांच्या जेवणानंतर स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ली. माहेरी गेले की पहिली मेथी मागायचे.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगते. सुक्या मासळीचा वास मला आजही सोसत नाही. सासूबाई सुकट भाजायला घेतात तेव्हा मी अंगणात जाते. पण त्यांच्या तोंडावर नाक कधी धरलं नाही. एकदा त्याच म्हणाल्या, तू बाहेर बस, झालं की हाक मारते. तेव्हापासून आमचं बरं जमलं.

मलप्रभेकाठची

अथणीची_लेक, उभ्याने खाल्लेली मेथी वाचून घशाशी आलं. आमच्याकडे मेथी परतल्याशिवाय कोणी खात नाही, मीही ‘कच्ची?’ म्हणून विचारलं असतं. आता पुढच्या वेळी पाथरी ओळखून खाईन. तिला चीक येतो ना पान तोडल्यावर?

अथणीची_लेक

हो, पांढरा. किंचित कडू लागते. भाकरीबरोबर छान लागते.

दूध_आणि_वासरू

चीक शब्द आलाच आहे तर खऱ्या चिकाबद्दल लिहितो. मी पशुवैद्यक आहे, हुक्केरी, संकेश्वर भागात फिरतो.

खरवस आपल्याला गोड वाटतो. कन्नडात गिण्णु, तेलुगूत जुन्नु, तमिळमध्ये सीम्बाल. गुऱ्हाळाचा ताजा गूळ आणि वेलदोडा घालून उकडला की घरातली पोरं पातेल्याभोवती बसतात. पण बाहेरच्या एका पाहुण्याला मी तो दिला आणि कशाचा आहे ते सांगितलं तेव्हा त्याने वाटी हळूच खाली ठेवली. व्यायल्यानंतरचं पहिलं दूध माणसाने खायचं ही कल्पनाच त्याला चमत्कारिक वाटली.

खरवस नुसत्या वाफेवर का थिजतो? पहिल्या दिवसाच्या चिकात प्रथिनं नेहमीच्या दुधाच्या कितीतरी पट असतात. त्यातली बरीचशी रोगप्रतिकारक प्रथिनं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. उष्णता लागली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी घट्ट होतात. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी ती झपाट्याने कमी होतात, म्हणून तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा खरवस सैल पडतो. पहिल्या दिवसाच्या चिकात साधं दूध मिसळावं लागतं, नाहीतर रबरासारखा होतो.

आता कळकळीची विनंती. गाय-म्हशीच्या वासराला आईच्या पोटातून जवळपास काहीच प्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि वासराचं आतडं ती प्रथिनं जशीच्या तशी आत घेऊ शकतं ते जेमतेम पहिला एक दिवस. त्यातही पहिले काही तास सर्वांत मोलाचे. तेव्हा वासराला आधी पोटभर पाजा, मग उरलेला चीक शेजाऱ्यांना वाटा. चांगल्या दुधाच्या जनावराला तेवढा चीक उरतोच. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बाया हे न सांगता करतात. पहिली धार वासराची, हा त्यांचा नेमच आहे.

सध्या_स्वीडन

चिकोडीचा मी, सध्या उत्तर स्वीडनमध्ये. डॉक्टर, तुमच्या त्या पाहुण्याला सांगा: इथे खरवस आहे!

नाव काल्वदान्स, म्हणजे शब्दशः वासराचा नाच. चीक भट्टीत भाजतात, वर बेरीचा मुरंबा घेतात. आइसलँडमध्येही चिकाचा असाच पदार्थ आहे, आब्रिस्तिर नावाचा. मी गावातल्या एका आजीच्या घरी तो खाल्ला, तेव्हा तिला फोनवरून आईचा खरवसाचा फोटो दाखवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण आजी स्क्रीनवर बोट ठेवून वड्या मोजत राहिली.

इथलाच सुरस्ट्रॉमिंग मात्र मला जमला नाही. बाल्टिक समुद्रातली हेरिंग मासळी, मीठ बेताचं घालून आंबवलेली. डबा बंद केल्यावरही आंबणं चालूच राहतं, त्यामुळे डबा फुगतो. उघडतात तो घराबाहेर. वास असा की मी दहा पावलं मागे गेलो. पण खायची रीत बघा: पातळ भाकरीसारखा टुन्नब्रोद, त्यावर उकडलेला बटाटा, चिरलेला कच्चा कांदा आणि मासळीचा तुकडा. आपल्या शेतातल्या न्याहारीची मांडणी. मला वास नको होता, पण कांदा फोडून भाकरीवर ठेवणारे ते हात परके वाटले नाहीत.

हुग्गी_प्रेमी

आमचं घर लिंगायत. आई कन्नड बोलते, वडील दोन्ही, आणि मी शाळेपासून मराठी. घरात कांदा-लसूण चालतो, मांस-मासळी अंडं काही नाही. श्रावणात हुग्गी म्हणजे गव्हाची गोड खीर, पुंडी पल्या म्हणजे अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, उन्हाळ्यात आंबील.

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मासळीच्या वासाने माझ्या आईला खरंच उलटी होते. ते सोंग नाही, तिरस्कारही नाही. बंद, वातानुकूलित खोलीत एकाने बोंबील उघडला तर उठून दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्याला लगेच दोषी धरू नये. माझ्या शेजारी खाणाऱ्याचा मान मी राखतो. पण माझ्या नाकाचंही कोणीतरी ऐकावं.

मलप्रभेकाठची

दादा, राग नाही. उठून गेलेल्यांवर माझी तक्रार नव्हतीच, उठून जाणं मला चालतं. मागे एका कामाच्या ठिकाणी भिंतीवर कागद लावला होता, ‘उग्र वासाचे पदार्थ आणू नयेत’. कोणाच्या डब्यामुळे तो लागला हे सगळ्यांना माहीत होतं. लसणाची फोडणी, हिंग, मायक्रोवेव्हमधलं पॉपकॉर्न त्या कागदात बसत नव्हतं. मी दीड वर्ष जिन्यात बसून जेवले. तुमच्या आईसमोर मी बोंबील उघडणार नाही, हे मात्र मनापासून सांगते.

हुग्गी_प्रेमी

तो कागद चूक होता. समोर येऊन सांगायला हवं होतं.

रसायन_शिकवतो

या वादात एक गोष्ट राहून जाते: दोन माणसांच्या जिभेवर एकच पदार्थ खरोखरच वेगळा असू शकतो.

१९३१ साली अमेरिकेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, तोंड कडू झालं. फॉक्सला काहीच चव लागली नाही. दोघांनी पूड जिभेवर ठेवून पाहिली, तरी तेच. ते द्रव्य फिनाइलथायोकार्बमाइड. पुढे त्याचा संबंध जिभेवरच्या कडू ओळखणाऱ्या एका ग्राहकाच्या, म्हणजे रिसेप्टरच्या, जनुकाशी लागला, आणि हा फरक आनुवंशिक असतो हे पक्कं झालं. कोथिंबीर काहींना साबणासारखी लागते त्यामागेही वास ओळखणाऱ्या एका जनुकाचा हात आहे असं दिसलं आहे.

आमच्या घरी करांद्यांवरून, म्हणजे वेलीला येणाऱ्या कडसर कंदांवरून, दर वर्षी वाद व्हायचा. उकडून, सोलून, मीठ लावून दिले की वडील मिटक्या मारायचे आणि धाकटी बहीण थुंकायची. तिला नाटकी म्हणून रागावायचे. मी हे शिकवायला लागलो तेव्हा बहिणीला फोन करून म्हटलं, तू खरं बोलत होतीस. ती पन्नाशीची आहे. थोडा वेळ काही बोलली नाही.

पण सगळं जनुकांवर ढकलू नये. गरोदर असताना आईने गाजराचा रस प्यायला तर बाळाला पुढे गाजराची चव सहज आवडते, असं २००१ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं. म्हणजे हुमले, बोंबील, मेथी हे आपण पहिला घास घेण्याच्याही आधी शिकत असू.

जोयड्याच्या_वाटेने

खानापूरच्या खाली उतरलं की आमचं जोयडा. कुणबी घरांत हुमले आजही करतात, ताई. आणि कंद! कोन, काटेकणगी, सुरण, चिरकी, एकेका घराच्या परसात सात-आठ जाती. जानेवारीत जोयड्याला कंदांचा मेळा भरतो, तेव्हा बायका टोपल्याच्या टोपल्या घेऊन येतात. काही कंद हाताएवढे, काही माणसाच्या मांडीएवढे. शहरातून आलेली माणसं प्रत्येकाचं नाव विचारतात, वहीत लिहून घेतात. मी तिथे उभा असतो तेव्हा छाती भरून येते, कारण हेच कंद आम्ही शाळेच्या डब्यात न्यायला लाजायचो. भात नसलेल्या घराचं खाणं म्हणून.

आणि लपवायचं काय कारण? ओडिशात मयूरभंजचे लोक हुमल्यांची चटणी करतात, काई चटणी. सिमिलिपालच्या काई चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बस्तरमध्ये तिला चापडा म्हणतात, आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात विकतात. मेक्सिकोत मुंग्यांच्या अळ्या आणि कोष लोण्यात परतून खातात, एस्कामोलेस, आणि ते महाग असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ साली खाद्य कीटकांवर अहवाल काढला, त्यात १९०० हून अधिक जातींची नोंद आहे. आईला सांगा तिची चटणी कुठे कुठे आहे ते.

निपाणी_नाका

जोयडाकर, मानांकन मिळालं म्हणून चटणी मोठी झाली असं मला वाटत नाही. ती आधीही तेवढीच होती. माझी रक्ती जर्मनीत दिसली म्हणून मला धीर आला हे खरं, पण आजीसमोर तो आधीच यायला हवा होता.

जोयड्याच्या_वाटेने

मान्य. तरी बाजारातल्या बाईला दोन पैसे जास्त मिळाले तर मला आनंदच आहे.

भात_आणि_खेकडा

लोंढ्याजवळचा आहे. पहिल्या पावसात बांधावरचे खेकडे: कंदील, गोणपाट, आणि आजोबांचा हात बिळात. नांग्या वाटून गाळलेला रस्सा सर्दीवर. वारुळावर उगवणारी अळंबी, जी वाळवीने जमिनीखाली आपल्या बुरशीच्या बागेत राखलेली असते आणि माणसाला अजून शेतात पिकवता आलेली नाही. ही दोन्ही मी उघडपणे खातो आणि खाऊ घालतो.

बेडूक मात्र सांगताना थांबतो. लहानपणी आमच्याकडे पावसाळ्यात मोठे पिवळे बेडूक धरायचे, गोव्याकडूनही मागणी असायची. चव मला आठवते, आवडायची. आता खात नाही. भाताच्या शेतातले किडे खाणारं जनावर ते. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात आपल्या देशाने १९८७ साली बंद केली ती उगाच नाही. रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांचंही तेच, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार गुन्हा आहे, आणि आम्ही तर भीमगड अभयारण्याच्या कुशीत राहतो. हे खाणं सोडलं ते कोणी नाक मुरडलं म्हणून नाही. रात्री शेतात त्यांचा आवाज कमी झाला म्हणून सोडलं.

हुमल्यांचंही जपून काढा, ताई. सगळी घरं एकदम नको.

मलप्रभेकाठची

आई एका झाडावरचं एकच घर काढते, बाकीची ठेवते. काजूवरचं तर कधीच नाही. हुमले असले की काजूला कीड कमी लागते म्हणते.

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. काल ऑफिसात त्या मुलीला बोलावून सांगितलं, ती कारळ्याची नव्हती, मुंगळ्यांची होती, आणि मी तुला खोटं सांगितलं. तिने विचारलं, का? मला नीट उत्तर देता आलं नाही. ती म्हणाली, मी खाणार नाही, पण ते पानं कशी शिवतात ते दाखव. मोबाइलवर आंब्यावरच्या घराचा व्हिडिओ होता, तो तिने दोनदा पाहिला. मी तिच्यासमोर चटणी-भाकरी खाल्ली.

रात्री आईला फोन केला. आधी जोयडाकरांनी लिहिलेलं सांगितलं, ओडिशाचं आणि मेक्सिकोचं. लोण्यात परततात हे तिला आवडलं. मग सांगितलं की मी चटणीचं नाव बदलून सांगितलं होतं. ती थोडी थांबली.

“कारळ्याची तर कारळ्याची. संपली काय बाटली?”

म्हटलं, अर्धी आहे.

“मग वला चमचा घालू नको. बुरा येतोय.”